गिरणीच्या फाटकाबाहेरचें जग



मालक आणि नोकर यांचें नातें हा केवळ त्या दोघांमधला व्यवहार आहे, अशी आपली साधारण समजूत असते. एकानें काम द्यावें, दुसऱ्यानें तें करावें. पगार किती, तास किती, रजा किती, हें दोघांनीं मिळून ठरवावें. पटलें नाहीं तर एकानें काढून टाकावें किंवा दुसऱ्यानें निघून जावें. कायद्याच्या पुस्तकांतही हा करार दोन पक्षांचाच मानलेला असतो. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास जो कोणी बारकाईनें वाचील, त्याला या करारावर तिसऱ्याच कोणाच्या तरी सह्या दिसूं लागतील. कधीं ती सही मँचेस्टरच्या व्यापाऱ्याची असते, कधीं चीनमधील सूत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची, कधीं सरकारी टांकसाळीची. आणि एकदां तर ती उंदराच्या अंगावरील पिसवेची होती. आज या तिसऱ्या पक्षाविषयीं बोलण्याचें मीं योजिलें आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापन केली आणि १८५६ मध्यें ताडदेव येथें तिचें काम सुरू झालें. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईंत चांदीचा पूर आला. युद्ध संपतांच तो पूर ओसरला, पेढ्या बुडाल्या, बँका बसल्या. ती कथा प्रेमचंद रायचंदांच्या नांवाशीं निगडित असून श्रोत्यांच्या परिचयाची आहे, म्हणून तींत शिरत नाहीं. आपल्यापुरता तिचा अर्थ एवढाच, कीं ज्या धंद्यावर पुढें लाखों माणसांची चूल पेटणार होती, त्याचें भांडवल आणि त्याचें साहस दोन्ही परमुलखांतील एका लढाईनें हालवून सोडलेलीं होतीं.

या गिरण्यांत काम करावयास कोण आले? बहुधा कोंकणांतला किंवा साताऱ्याकडचा शेतकरी. रत्नागिरी जिल्ह्यांत जमीन थोडी, तीही डोंगराळ आणि पुष्कळशी खोतांच्या कह्यांतील. घरांतील एक भाऊ शेत राखी, दुसरा मुंबईची वाट धरी. मुंबईस उतरल्यावर तो गांवच्याच माणसांच्या खोलींत पथारी टाकी, गांवच्याच बाईच्या खानावळींत जेवी, आणि बहुधा ओळखीच्याच मुकादमाच्या शब्दानें गिरणींत शिरे. या मुकादमाला गिरणींत जॉबर म्हणत. माणूस घेणें, काढणें, बदली देणें हें सारें त्याच्या हातीं. आणि त्याबद्दल दस्तुरी घेणें हेंही. म्हणजे मालकानें नोकर निवडला असें कागदावर दिसे. परंतु प्रत्यक्षांत निवड केलेली असे ती कोंकणच्या खडकाळ जमिनीनें आणि मुकादमाच्या मेहेरबानीनें. ही गांवाकडची वाट लक्षांत ठेवावी. पुढें संपाच्या काळांत तीच कामगाराच्या पाठीशीं उभी राहिलेली आपणांस दिसेल.

आतां मँचेस्टरच्या सहीकडे वळूं. १८७० नंतर मुंबईच्या गिरण्या झपाट्यानें वाढूं लागल्या, तेव्हां लँकेशायरच्या कारखानदारांना हिंदी मजुरांच्या हालांचा एकाएकीं कळवळा आला. मुंबईंत मुलाबाळांना पहाटेपासून राबवितात, त्यांचे तास ठरवून दिले पाहिजेत, असा ओरडा त्यांनीं विलायतेंत केला. त्या कळवळ्याच्या तळाशीं स्पर्धेचें भय होतें हें उघड होतें. आणि म्हणूनच आपल्याकडील बहुतेक वृत्तपत्रांनीं व पुढाऱ्यांनीं कारखान्यांच्या कायद्यास देशाच्या नांवानें विरोध केला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे थोडेच गृहस्थ असे होते, कीं ज्यांना स्वदेशी उद्योगाचा अभिमान बाळगूनही सात वर्षांच्या पोराला यंत्रापाशीं उभें करणें हा अभिमानाचा विषय वाटला नाहीं. १८८१ चा पहिला कायदा झाला तो या विचित्र मिलाफांतून. त्यानें सात वर्षांखालील मुलांस कामास मनाई केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांविषयीं तो मुकाच होता.

मला येथें असें वाटतें, कीं उपकार करणाऱ्याचा हेतु शुद्ध नव्हता म्हणून उपकार नाकारावा, ही चैन गिरणींतल्या मुलाला परवडण्यासारखी नव्हती. हें ज्या एका माणसानें ओळखलें तो नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचा हा अनुयायी 'दीनबंधु' पत्राचा संपादक होता. त्यानें १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतल्या मागण्या आज वाचल्या म्हणजे मन चरकतें. आठवड्यास एक दिवस सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. यंत्रानें हातपाय गेला तर कांहीं सोय व्हावी. आणि एका महिन्याचा पगार निदान पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातांत पडावा! साप्ताहिक सुटी गिरणीमालकांनीं १८९० च्या जूनमध्यें मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यानें ती पक्की झाली. पगाराची तारीख मात्र जेथल्या तेथें राहिली. कारण थकलेला पगार ही मालकाच्या हातांतली दोरी होती. महिना-दीड महिन्याची कमाई गिरणींत अडकलेली असतां नोकर उठून जाणार कोठें? आणि तोंवर घरभाडें व वाण्याचें बिल भागविण्यासाठीं तो सावकाराकडे जाई, तें वेगळेंच.

ही दोरी एका रोगानें तोडली. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉक्टर अकॅशियो व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. थंडीच्या दिवसांत साथ भडकली, आणि आठ लाखांहून मोठें तें शहर पाहतां पाहतां ओस पडूं लागलें. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई निघून गेली होती. आगगाड्या भरून, आगबोटी भरून, पायींसुद्धां माणसें गांवाकडे चाललीं होतीं. प्लेगच्या भयांत आणखी एक भय मिसळलें होतें, तें म्हणजे घरोघर झडती घेणाऱ्या आणि रोग्यांना इस्पितळांत ओढून नेणाऱ्या सरकारी पथकांचें. गिरण्यांचीं यंत्रें शाबूत होतीं, कापूस होता, गिऱ्हाईक होतें. नव्हता तो फक्त माणूस.

मग जें घडलें तें मुंबईनें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मजुरांचा लिलाव होऊं लागला. आणि त्या लिलावांत बोली वाढविणारे होते खुद्द गिरण्यांचे लोक. मालकांचा संघ १८७५ पासून स्थापन झालेला होता, पण ही चढाओढ त्याला आवरली नाहीं. आणि कामगारांनीं मागितलें काय? अधिक पैसा तर मागितलाच, परंतु त्याहून आग्रहानें मागितला तो रोजचा रोज पगार. संध्याकाळीं भोंगा झाला कीं दिवसाचे पैसे हातांत पडले पाहिजेत. उद्यां आपण जिवंत असूं कीं नाहीं याची ज्याला खात्री नाहीं, तो महिन्याची कमाई मालकाकडे काय म्हणून ठेवील? लोखंड्यांच्या अर्जावर पडलेल्या साडेपांच हजार सह्यांनीं तेरा वर्षांत जें मिळविलें नव्हतें, तें, आणि त्याच्याही पुढचें, प्लेगनें थोड्या आठवड्यांत मिळवून दिलें. स्वतः लोखंडे मात्र रोग्यांच्या सेवेंत गुंतलेले असतांना त्याच फेब्रुवारींत प्लेगनेंच वारले.

पहिली लाट ओसरली, माणसें परत आलीं, आणि मालकांनीं पुन्हां मासिक पगाराची जुनी रीत सुरू करण्याचा घाट घातला. त्यावर १८९७ मध्येंच रोजच्या पगारासाठीं संप झाले. पण ते टिकले नाहींत. टिकणार तरी कसे? टंचाईनें दिलेलें दान टंचाई संपतांच परत मागितलें जातें, आणि तें मुठींत धरून ठेवणारी संस्था कामगारांपाशीं नव्हती. लोखंड्यांची मिलहँड्स असोसिएशन होती खरी, पण तिला वर्गणी नव्हती, नियमित सभासद नव्हते, आणि आतां लोखंडेही नव्हते. मासिक पगाराची चाल पुढेंही चालूच राहिली. पगार किती दिवसांत द्यावयाचा हें ठरवून देणारा कायदा १९३६ सालीं झाला. तेथपर्यंत १८८४ च्या त्या अर्जाला बावन्न वर्षें झालीं होतीं.

याच काळांत आणखी एक सही पडत होती. मुंबईच्या गिरण्या त्या वेळीं कापडापेक्षां सूतच अधिक काढीत आणि त्याचा मोठा भाग चीनला जाई. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देण्याचें बंद केलें. त्यामुळें रुपयाची किंमत चांदीच्या भावापासून सुटली. चीनचा व्यवहार चांदींत असल्यानें मुंबईचें सूत त्या गिऱ्हाइकाला महाग पडूं लागलें, आणि जपानच्या नव्या गिरण्यांस हवी ती वाट सांपडली. पुढें १९०० च्या सुमारास चीनमध्यें बंडाळी आणि इकडे भयंकर दुष्काळ, असे दोन्ही तडाखे एकदम बसले आणि मुंबईच्या कित्येक गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालूं लागल्या. परळच्या चाळींत बसलेल्या साचेवाल्याला चांदीच्या टांकसाळीचें हें शास्त्र कोण समजावून सांगणार? त्याला एवढेंच कळे कीं या महिन्यांत काम कमी आहे.

१९०५ सालचें उदाहरण अधिक मनोरंजक आहे. मनोरंजक म्हणवत नाहीं, पण दुसरा शब्द सुचत नाहीं. गिरणींत विजेचे दिवे येण्यापूर्वीं कामाचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबर मावळे. विजेनें सूर्याची ही सत्ता संपविली. त्यांतच वंगभंगाची चळवळ पेटली, विलायती कापडावर बहिष्कार पडला, देशी कापडाला न भूतो न भविष्यति अशी मागणी आली, आणि मुंबईच्या गिरण्या विजेच्या उजेडांत रोज चौदा-पंधरा तास धडधडूं लागल्या. ज्या चळवळीनें आपल्या मध्यमवर्गाची छाती अभिमानानें फुगली, तिनेंच विणकराची झोंप कापली, ही गोष्ट त्या वेळच्या फारच थोड्या देशभक्तांच्या ध्यानांत आली. कामगार खवळले, कांहीं गिरण्यांत दंगे झाले, चौकशीसमित्या बसल्या. आणि अखेर १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला प्रथमच बारा तासांची सीमा घातली. तथापि, या लांबलेल्या दिवसाबद्दल कामगारांनीं स्वदेशीवर राग धरला नाहीं. जुलै १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां याच कामगारांनीं वर्षास एक दिवस या हिशेबानें सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्या संपांत पगाराची मागणी नव्हती. मालकाशीं भांडणच नव्हतें. राजकारणाचा वारा फाटकांतून आंत शिरतो, तसाच आंतला माणूसही वेळ आली म्हणजे फाटकाबाहेर येतो, हें त्या सहा दिवसांत दिसून आलें.

पहिल्या महायुद्धाची हकीकत थोडक्यांत सांगतों. जहाजें मिळेनात, लँकेशायरचा माल येईना, देशी गिरण्यांना अमाप नफा झाला. धान्य, रॉकेल, कापड सारें महागलें, पण पगार मागेंच राहिला. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें घरेंच्या घरें रिकामीं केलीं. तें वर्ष संपतां संपतां संप सुरू झाला, आणि १९१९ च्या जानेवारींत लाखावर कामगार रस्त्यावर आले. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय मजूर-संघटना जन्मास आली. तिच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेस हिंदी कामगारांच्या वतीनें नारायण मल्हार जोशी गेले होते. इतर देशांसाठीं तेथें आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले, हिंदुस्थानासाठीं साठ. आणि तेच साठ तास १९२२ च्या कायद्यांत उतरले. एका परक्या राजधानींत ठरलेली गोष्ट तीन वर्षांत परळच्या भोंग्यापर्यंत येऊन पोंचली, हें कमी नव्हे. युद्धकाळच्या नफ्यांतून मिळणारा बोनस मात्र पुढें बंद झाला. त्यासाठीं १९२४ च्या आरंभीं मोठा संप झाला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीनें निर्णय दिला, कीं या बोनसवर कामगारांचा कोणत्याही प्रकारचा हक्क पोंचत नाहीं. नफा परिस्थितीनें दिला होता. त्यांतला वांटा मालकानें मर्जीनें दिला होता. परिस्थिति फिरली, मर्जीही फिरली.

मला सर्वांत अधिक बोलकें वाटतें तें १९२५ सालचें प्रकरण. १८९६ पासून हिंदुस्थानांतील गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसत असे. विलायती कापडावर आयातकर घेतां, तर देशी कापडावरही तितकाच घ्या, नाहीं तर आमच्यावर अन्याय होतो, या लँकेशायरच्या हट्टापायीं ती बसविलेली होती. आपल्याच देशांत विणलेल्या मालावर परक्या गिरण्यांच्या सोयीसाठीं कर, याहून उघड अन्याय कोणता? कायदेमंडळांतून आणि वृत्तपत्रांतून त्यावर तीस वर्षें टीका झाली, आणि ती तीस वर्षें व्यर्थ गेली.

१९२५ मध्यें धंदा मंदावला आणि मालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. जकात उठली तर कपात मागें घेऊं, असेंही त्यांनीं सांगून टाकलें. सप्टेंबरच्या मध्यापासून संप सुरू झाला, आणि सुमारें दीड लाख माणसें कामावरून उठलीं. आतां या भांडणाची घडण पाहा. मालक कामगाराला म्हणतो, मी तुझ्याशीं भांडत नाहीं, मी सरकारशीं भांडतों. पण तें भांडण चालेल तुझ्या पोटावर. ज्या जकातीविषयीं कामगाराला कोणी कधीं विचारलें नव्हतें, तिच्यासाठीं तो अडीच महिने उपाशी राहिला. कित्येकजण गांवाला गेले. भातकापणीचे दिवस होते, शेतावर चार हात उपयोगी पडले. जे मुंबईंतच राहिले त्यांनीं भांडीं गहाण टाकलीं. डिसेंबर उजाडतांच व्हाइसरॉयांनीं जकात तहकूब केली, पुढच्या वर्षीं ती रद्दच झाली. मालकांनीं शब्दाप्रमाणें कपात मागें घेतली आणि भोंगे पुन्हां वाजले.

या निकालानें सगळे संतुष्ट झाले. मालकांना तीस वर्षांचा कांटा निघाल्याचा आनंद. राष्ट्रीय पुढाऱ्यांना लँकेशायरचा पराभव झाल्याचा आनंद. कामगाराला जुना पगार जसाच्या तसा राहिल्याचा आनंद. पण हिशेब मांडला तर काय दिसतें? मालकाला मिळालें तें नवें होतें; कामगाराला मिळालें तें त्याचें जुनेंच होतें. आणि अडीच महिन्यांचा बुडालेला पगार कोणीच भरून दिला नाहीं. देशाची एक लढाई त्यानें जिंकून दिली, आणि तिच्या विजयोत्सवांत त्याचें नांव घेण्याचें कोणाला सुचलें नाहीं.

हा अनुभव वायां गेला नाहीं. १९२७ सालीं सरकारनें रुपयाचा विनिमय-दर एक शिलिंग सहा पेन्स असा कायम केला. त्यामुळें बाहेरचा माल स्वस्त झाला. जपानी गिरण्या तर दोन-दोन पाळ्या चालवीत, आणि १९२९ पर्यंत तेथें स्त्रियाही रात्रपाळींत राबत. या चढाओढीला तोंड देण्यासाठीं मालकांनीं दोन मागांवरच्या विणकरास तीन माग सांभाळावयास सांगितले. जें ओझें टोकियोहून आणि लंडनहून निघालें, तें असें साळखात्यांतल्या एका माणसाच्या दोन हातांवर येऊन उतरलें. परंतु या वेळीं कामगार १८९७ चा राहिला नव्हता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत गिरण्या बंद राहिल्या. दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस त्यांत गेले. याच लढ्यांतून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि तिच्या सभासदांची संख्या पाहून सरकारही दचकलें. पावसाळाभर शेंकडों कुटुंबांना कोंकणच्या शेतांनीं जगविलें. खोताच्या खडकाळ जमिनीनें जो माणूस मुंबईला हांकलला होता, त्याला लढण्याचें बळही तिनेंच पुरविलें.

एक गोष्ट येथें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. अधिक पगाराच्या साळखात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यांतला तुटलेला धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, म्हणून इतर विणकर त्यांना शेजारीं उभें राहूं देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या सुमारास ही गोष्ट कामगार-पुढाऱ्यांसमोर सडेतोडपणें मांडली. बाहेरचें जग म्हणजे नुसता लँकेशायरचा व्यापारी किंवा जपानचा कारखानदार नव्हे. गांवच्या विहिरीवरची शिवाशीवही कामगाराबरोबर आगबोटींतून येते, आणि यंत्रांच्या रांगांत आपली जागा धरून बसते. परक्याच्या अन्यायाविरुद्ध दीड लाखांची एकजूट होऊं शकली. या अन्यायाविरुद्ध ती झाली नाहीं.

पुढच्या काळांत सरकार हा तिसरा पक्ष न राहतां रीतसर पंच बनला. दुसऱ्या महायुद्धांत महागाईभत्त्याची गांठ निर्देशांकाशीं घातली गेली. म्हणजे जगाच्या बाजारांतील भाव थेट पगारपत्रकांत उतरूं लागले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें एका उद्योगांत एकाच संघटनेला कामगारांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार दिला. हा कायदा करणाऱ्यांचा हेतु भांडणें कमी करण्याचा होता. छत्तीस वर्षांनीं त्याच तरतुदीवर राग धरून, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं साठांहून अधिक गिरण्यांतले सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पूर्वजांप्रमाणें तेही गांवाकडे गेले. पण मध्यंतरीं शेताचे तुकडे पडून गेले होते. आणि गिरण्या बंद असतांही बाजारांत कापड कमी पडत नव्हतें, कारण भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथले यंत्रमाग रात्रंदिवस चालूं होते. गिरण्यांखालच्या जमिनीचा भाव आंतल्या कापडापेक्षां मोठा होत चालला होता. संपाची नोटीस ज्यांच्यावर बजावली होती, त्यांना गिरणी सुरू करण्याची निकड पूर्वींइतकी उरलीच नव्हती. तो संप मागें घेतल्याची घोषणा रीतसर अशी कधींच झाली नाहीं.